पार्श्वभूमी: बोरीवरचा पूल आणि युद्धखेळातली टक्केवारी

लष्करी डावपेचांचा जरा गंभीर कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्याला हा प्रसंग ओळखीचा असेल. आपली फौज माघार घेते आहे, शेवटची तुकडी नदीच्या अलीकडे आली आहे, शत्रू पलीकडे दिसू लागला आहे. पूल उडवण्याचा पर्याय समोर येतो आणि त्याच्यापुढे आकडा असतो: साठ टक्के. म्हणजे आज्ञा दिली तरी पूल उडेलच असं नाही. १९९८ च्या ‘द ऑपरेशनल आर्ट ऑफ वॉर’ मध्ये हा हिशेब आहे आणि नवा खेळाडू त्यावर हटकून चिडतो. सुरुंग लावले, बत्ती दिली, मग पूल उरतोच कसा? पण तो आकडा उगाच आलेला नाही. त्याच्यामागच्या इतिहासाचा एक तुकडा आपल्या सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच आहे.

नळदुर्ग म्हटलं की आपल्याला पावसाळ्यातली सहल, पाणीमहाल आणि नर-मादी धबधबे आठवतात. त्याच बोरी नदीवर १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शनची, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या भारतीय लष्करी कारवाईची, पहिली लढाई झाली. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या फौजेचा मुख्य रोख सोलापूरहून होता. नळदुर्गला निजामाची पायदळ पलटण मोर्चे बांधून होती. सातव्या ब्रिगेडने अचानक आणि वेगाने धडक मारली आणि बोरीवरचा पूल धडधाकट ताब्यात घेतला. पुढचं सगळं त्या पुलावरून गेलं. सकाळी नऊला रणगाड्यांची तुकडी जळकोटात होती, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. म्हणजे पहिल्याच दिवशी हद्दीच्या आत साठेक किलोमीटर. १७ तारखेला निजामाने युद्ध थांबवलं. मराठवाड्यात तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात, आणि रझाकारांच्या भीतीने सोलापुरात येऊन राहिलेल्या घरांमध्ये त्याच्या आठवणी अजून निघतात. त्या पाच दिवसांची गती कुठून आली हे पाहायचं तर मला बोरीवरच्या त्या पुलापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

याच्या उलट घडलं ते ब्रह्मदेशात. २३ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे सित्तांग नदीवरचा रेल्वेपूल उडवण्यात आला, तेव्हा सतराव्या भारतीय डिव्हिजनच्या दोन ब्रिगेडचं बरंचसं सैन्य अजून पलीकडेच होतं. जवान पोहत, तराफ्यांवरून आले, हत्यारं आणि गाड्या तिकडेच राहिल्या, कित्येक जण परतलेच नाहीत. पंधरवड्याच्या आत रंगून जपान्यांच्या हाती पडलं. आणि ७ मार्च १९४५ ला जर्मनीत रेमागेनला ऱ्हाईनवरच्या पुलाखाली स्फोट झाला, पूल उचलला गेला आणि पुन्हा जागेवर बसला. जर्मनांना हवी तेवढी स्फोटक दारूच मिळाली नव्हती. अमेरिकन सैन्य त्यावरून पलीकडे गेलं. दहा दिवसांनी तो पूल कोसळला, पण तोवर शेजारी तात्पुरते पूल उभे राहिले होते. एक पूल हातातून गेला, एक घाईत उडवला, एक उडवूनही पडला नाही. या तीन गोष्टी माहीत असलेल्या माणसाला साठ टक्के हा आकडा अन्यायाचा वाटणार नाही. युद्धखेळात नशिबाला जागा देणं तसंही जुनंच आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या फॉन रायसविट्स यांनी १८२४ मध्ये मांडलेल्या खेळात नकाशा होता, पंच होता आणि फासेही होते.

पाडण्याचा हिशेब असा आकड्यात बसला. बांधण्याचा मात्र कॉम्प्युटरवर उशिरा बसला. २००० साली आलेला ‘रेड अलर्ट २’ आम्ही नव्या पेठेच्या बाजूला एका सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून खेळायचो. त्यात पुलाच्या टोकाला एक छोटी झोपडी असे. तिच्यात इंजिनिअर पाठवला की अख्खा पूल क्षणात परत उभा. तेव्हा फार आवडायचं ते. आज वाटतं, त्यातून पुलाची किंमतच निघून गेली होती.

खरी किंमत अमेरिकन यादवी युद्धाने दाखवली. मे १८६२ मध्ये हर्मन हॉप्ट या रेल्वे इंजिनिअरने पोटोमॅक क्रीकवर सुमारे ४०० फूट लांबीचा लाकडी पूल नऊ दिवसांत उभा केला, तोही बहुतेक अननुभवी सैनिकांच्या हातून. लिंकन म्हणाले होते की यात वेलांच्या काठ्या आणि मक्याची ताटं यांशिवाय काही नाही, आणि तरी गाड्या जातात. दुरुस्ती इतकी झटपट होऊ लागल्यावर मोडणाऱ्यालाही डोकं चालवावं लागलं. १८६४ मध्ये जनरल शर्मन यांचा हुकूम होता की रूळ नुसते वाकवू नका, तापवून पिळा. वाकवलेला रूळ सरळ होतो, पिळलेला कारखान्यातच न्यावा लागतो.

रुळांमधल्या अंतराची भानगड सोलापूर जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. १८९७ पासून कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसणं हे आपल्या कैक पिढ्यांनी केलं. एकीकडे १६७६ मिलिमीटर, दुसरीकडे ७६२. पंढरपूरचा वारकरी उतरून चालत पलीकडे जाई, पण पोती हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्यात जात. १९४१ मध्ये रशियात शिरलेल्या जर्मन सैन्याची अडचण याच जातीची. तिथे रूळ १५२४ मिलिमीटरवर, यांच्या गाड्या १४३५ च्या. फरक अवघा ८९ मिलिमीटरचा, रुळांखालच्या लाकडी स्लीपरवरचा एक रूळ आत सरकवून ठोकायचा. पण हजारो किलोमीटर ठोकायचा. शिवाय वेगळ्या इंजिनांना वेगळ्या अंतरावर पाणी लागणार. परत फिरताना याच जर्मनांनी इंजिनामागे नांगरासारखा प्रचंड हूक लावला आणि स्लीपर मधोमध मोडत नेले.

२०१० च्या ‘गॅरी ग्रिग्जबीज वॉर इन द ईस्ट’ ने हे सगळं खेळात आणलं. रेल्वेदुरुस्तीची पथकं आठवड्याच्या एकेका खेळीत रूळ बदलत पुढे सरकतात. रणगाडे कितीही पुढे जावोत, आगगाडीने येणारी रसद रूळ संपतात तिथे उतरते. ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ मध्ये रेल्वे खऱ्या अर्थाने आली ती २०२१ मध्ये खेळाला जोडलेल्या नव्या भागानंतर, आणि तिथे मोडलेला मार्ग नीट करायला देशातले कारखाने गुंतवावे लागतात. झोपडीतल्या इंजिनिअरपासून इथवर यायला वीसेक वर्षं लागली.

आम्ही तिघे मित्र सध्या सप्टेंबर १९४८ चा नकाशा षटकोनांवर मांडतो आहोत. बोरीवरच्या पुलाला पन्नास टक्के लिहिले आहेत. पूल राहिला तर उमरगा पहिल्या दिवशीच येतं. उडाला तर सप्टेंबरातली नदी, काठावर खोळंबलेले रणगाडे आणि सोलापूरहून पुलाचं सामान येईपर्यंतची वाट. त्या वाटेला किती खेळ्या द्यायच्या, यावर तिघांचं अजून एकमत झालेलं नाही.