दम्याचा पंप: कोणता, कशासाठी आणि कसा घ्यायचा
(आमच्या दुकानातून औषधे नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

तातडीच्या आरामाचा पंप संपला की लोक धावत दुकानात येतात. रोज घ्यायचा पंप मात्र 'आता बरं वाटतंय' म्हणून मध्येच सुटतो. आम्हाला काळजी वाटते ती याची.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. धूळ, धूर, सर्दी, अगरबत्तीचा उग्र वास असं निमित्त झालं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि वाट अरुंद होते. हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडताना जास्त त्रास होतो. छातीतली शिट्टी त्याचीच. काहींना नुसता खोकला येतो, तोही रात्री किंवा पहाटे.

साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो. आराम काही मिनिटांत पडतो आणि चार-सहा तास टिकतो, पण सूज तशीच राहते. ती उतरवायला ब्युडेसोनाइडसारख्या स्टिरॉइडचा पंप लागतो, आणि तो बरं वाटत असतानाही रोज घ्यावा लागतो. स्टिरॉइड म्हटलं की घरातली मोठी माणसं घाबरतात. या पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात, आणि औषध थेट श्वासनलिकांत जातं. पंपाची सवय लागत नाही. घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी येऊ शकते. काहींना दोन्ही कामांसाठी एकच पंप दिलेला असतो. त्यांनी चिठ्ठीप्रमाणेच चालावं.

दाबायच्या पंपाचा श्वास सावकाश आणि खोल घ्या, पावडरच्या पंपाचा जोरात. मग दहा सेकंद श्वास रोखा. लहान मुलांना दाबायचा पंप स्पेसर (पंपाच्या तोंडाला जोडायची पोकळ नळी) लावूनच द्या. पद्धत नीट जमत नसेल तर पंप घेऊन या, आम्ही करून दाखवू.

होळीनंतर नागपुरात घरोघरी कूलर निघतात. गेल्या वर्षीच्या ताट्यांत धूळ आणि बुरशी असते. त्या बदलून, टाकी घासूनच कूलर सुरू करा. हे काम दम्याच्या माणसाने करू नये.

एका दमात वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर रुग्णाला आडवं न करता ताठ बसवा, १०८ ला फोन लावा किंवा थेट मेडिकल, मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं), जे जवळ असेल तिथे न्या. आराम देणारा पंप वाटेतही चालू ठेवा.