व्यूहात्मक आराखडा, कॅथलिक महाविद्यालयाचा

व्यूहात्मक आराखडा, कॅथलिक महाविद्यालयाचा : अमेरिकेतील कॅथलिक महाविद्यालये व विद्यापीठे पुढील पाच ते दहा वर्षांतील वाढीची व सुधारणेची दिशा ज्या लेखी दस्तऐवजात ठरवितात, तो. अभ्यासक्रम, विद्यार्थिसंख्या, इमारती व निधी हे विषय त्यात असतातच. ते कोणत्याही महाविद्यालयाच्या आराखड्यात असतात. कॅथलिक संस्थेच्या आराखड्याला मात्र दोन कायद्यांची चौकट सांभाळावी लागते : राज्याचा संस्थाविषयक दिवाणी कायदा आणि चर्चची धर्मसंहिता (कॅनन लॉ).

‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द ‘स्ट्रॅटेगॉस’ म्हणजे सेनापती या ग्रीक शब्दावरून आला आहे. मराठीत ‘धोरणात्मक आराखडा’ असेही म्हणतात. पण धोरण मुदतीवाचूनही असू शकते, आराखड्याला मुदत लागते. म्हणून येथे ‘व्यूहात्मक’ हा पर्याय घेतला आहे.

उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत तो येशूसंघाच्या (जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या) १५९९ च्या ‘रेशिओ स्टुडिओरम’ या शिक्षणसंहितेपर्यंत मागे नेते. तिने संघाच्या महाविद्यालयांना समान पाठ्यक्रम, वर्गांचा क्रम व अधिकाऱ्यांची कर्तव्ये नेमून दिली, हे खरे. परंतु ती नियमावली आहे, ठरावीक मुदतीत गाठावयाची उद्दिष्टे तीत नाहीत. दुसरे मत उद्योगजगताकडे बोट दाखविते. आल्फ्रेड चँडलर (१९६२) व इगॉर अँसॉफ (१९६५) यांच्या लेखनानंतर व्यूहात्मक नियोजनाला व्यवस्थापनशास्त्रात स्थान मिळाले आणि जॉर्ज केलर यांच्या १९८३ च्या ग्रंथानंतर अमेरिकी विद्यापीठांत त्याची चर्चा वाढली. विद्यापीठांविषयी सर्वसाधारणपणे हे मान्य करता येते. कॅथलिक संस्थांपुरते पाहता मात्र साधारणतः १९५८ ते १९६७ हा कालखंड अधिक निर्णायक दिसतो.

याचे एक कारण पदाच्या मुदतीत आहे. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार धर्मसंघाच्या स्थानिक वरिष्ठाची नेमणूक तीन वर्षांसाठी होई व ती लागोपाठ एकदाच वाढविता येई. महाविद्यालयाचा अध्यक्ष हाच तेथील वरिष्ठ असला, की सहा वर्षांनी त्याला पायउतार व्हावे लागे. दहा वर्षांची योजना आखणारा ती पुरी करायला पदावर राहत नसे. इंडियानातील नोटर डेम विद्यापीठात ही दोन पदे १९५८ मध्ये वेगळी करण्यात आली. थिओडोर हेसबर्ग तेथे १९५२ ते १९८७ अशी पस्तीस वर्षे अध्यक्ष होते. याच विद्यापीठाला १९६० मध्ये फोर्ड फाउंडेशनने साठ लाख डॉलर देऊ केले, पण त्याच्या दुप्पट रक्कम विद्यापीठाने स्वतः उभी करावी या अटीवर. अनेक वर्षांचे आर्थिक अंदाज मांडण्याची सवय अशा अनुदानांमुळे लागली असावी.

दुसरे कारण सरकारी पैशाचे. मेरीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ‘होरेस मान लीग’ खटल्यात दोन कॅथलिक महाविद्यालयांची राज्य अनुदाने त्यांच्या धार्मिक स्वरूपामुळे अवैध ठरविली. पुढील वर्षी सेंट लुइस व नोटर डेम या विद्यापीठांनी कारभार सामान्य (धर्मगुरू वा धर्मसंघीय नसलेल्या) सभासदांचा भरणा असलेल्या विश्वस्त मंडळांकडे दिला. जुलै १९६७ मध्ये विस्कॉन्सिनमधील लँड ओ’लेक्स येथे निघालेल्या निवेदनाने कॅथलिक विद्यापीठाला बाह्य अधिकारापासून, मग तो धार्मिक असो वा लौकिक, स्वायत्तता हवी असे म्हटले. या बदलाचे श्रेय बहुधा निवेदनाला दिले जाते; तथापि मंडळांची पुनर्रचना त्याआधीच सुरू झाली होती, हे लक्षात घेता निवेदन कारणापेक्षा समर्थन ठरते.

आराखड्यात जमीन विकणे, दीर्घ भाडेपट्ट्याने देणे किंवा गहाण ठेवणे आले, की मालमत्तेचा प्रश्न उभा राहतो. ती कोणाची? जॉन मॅकग्रा या धर्मविधिज्ञांनी १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले, की दिवाणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेची मालमत्ता चर्चची नसते, त्यामुळे हस्तांतराविषयीचे धर्मसंहितेतील नियम तिला लागत नाहीत. अनेक महाविद्यालयांनी याच आधारावर मालमत्ता नव्या मंडळांकडे सोपविली. ॲडम मैदा यांनी १९७५ मध्ये याचा प्रतिवाद केला : दिवाणी नोंदणीने चर्चच्या दृष्टीतील मालकी आपोआप बदलत नाही. व्हॅटिकननेही मॅकग्रा यांचे मत स्वीकारले नाही. प्रत्यक्षात झालेली हस्तांतरे मात्र फिरविली गेली नाहीत. वाद निव्वळ ग्रंथांतला नव्हता : सेंट लुइस विद्यापीठाने आपले रुग्णालय टेनेट या व्यावसायिक कंपनीला विकावयाचे ठरविले, तेव्हा तेथील आर्चबिशपनी चर्चच्या संमतीचा मुद्दा काढला, विक्री १९९८ मध्ये पूर्ण झाली. मैदा यांची भूमिका संहितेच्या शब्दांना अधिक धरून वाटते. त्यामुळे हस्तांतराचा निर्णय मंडळाच्या मतदानावरच न सोपविणे सुरक्षित ठरते. काही संस्थांत असे अधिकार धर्मसंघाच्या प्रतिनिधींकडे राखून ठेवलेले असतात. नोटर डेममध्ये सहा धर्मगुरू व सहा सामान्य सभासद अशा बारा ‘फेलोज’चे मंडळ विश्वस्तांच्या वर आहे.

आराखड्यातील ‘कॅथलिक ओळख’ या प्रकरणाचा आधार म्हणजे पोप दुसरे जॉन पॉल यांचे १५ ऑगस्ट १९९० चे ‘एक्स कोर्दे एक्लेसिए’ हे आदेशपत्र. कॅथलिक नसलेल्या अध्यापकांचे बहुमत होऊ देऊ नये, असे ते सांगते. अमेरिकी बिशपांनी १९९९ मध्ये संमत केलेली त्याची अंमलबजावणीची नियमावली २००१ मध्ये लागू झाली. तीत विश्वस्तांचे बहुमतही शक्य तितके कॅथलिकांचे असावे अशी अपेक्षा आहे. बहुतेक आराखडे हा आकडा टाळून ‘मिशनला (संस्थेच्या ध्येयाला) अनुसरून नेमणुका’ असे मोघम शब्द वापरतात.

आराखडा करण्याची रीत इतर महाविद्यालयांसारखीच : समिती, सल्लामसलत, मसुदा, विश्वस्तांची मंजुरी. मान्यता देणाऱ्या संस्थाही त्याची मागणी करतात. त्यांपैकी मिडल स्टेट्स आयोगाचा सहावा निकष नियोजन व साधनसामग्री यांचाच आहे.

२००७ नंतर अमेरिकेतील जन्मसंख्या घटल्याने २०२५ च्या सुमारापासून महाविद्यालयीन वयाची मुले कमी होणार, हा अंदाज अलीकडच्या आराखड्यांत डोकावतो. शिक्षणशुल्कावर चालणाऱ्या लहान संस्थांना त्याची झळ अधिक. विस्कॉन्सिनचे कार्डिनल स्ट्रिच विद्यापीठ २०२३ मध्ये, तर पेनसिल्व्हेनियातील कॅब्रिनी विद्यापीठ २०२४ मध्ये बंद पडले. कॅब्रिनीचा परिसर शेजारच्या व्हिलानोव्हा या ऑगस्टिनियन धर्मसंघाच्या विद्यापीठाने घेतला.