गोवर

गोवर : (संस्कृत : रोमान्तिका). मॉर्बिलिव्हायरस प्रजातीतील विषाणूमुळे होणारा, मुख्यतः लहान मुलांचा, अत्यंत संसर्गजन्य रोग. ताप, वाहते नाक, कोरडा खोकला, लाल व पाणावलेले डोळे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानामागून व कपाळावरून उठून अंगभर उतरणारे तांबूस पुरळ, हे त्याचे ओळखीचे रूप. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधी गालाच्या आतल्या बाजूस, दाढांसमोर, लाल पार्श्वभूमीवर मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके दिसतात. त्यांना ‘कॉप्लिक ठिपके’ म्हणतात. ते दिसले की निदानाविषयी शंका उरत नाही. मात्र रडणाऱ्या पोराच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकून बघण्याइतकी सवड बाह्यरुग्ण विभागात क्वचितच मिळते.

गोवराच्या उगमाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. या विषाणूचा सर्वांत जवळचा आप्त गुरांमध्ये होता. ज्याने गोठेच्या गोठे ओस पाडले तो ‘बुळकांड्या’ म्हणजेच हा आप्त. बुळकांड्यासारख्या गुरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली. १८९३ मध्ये ती कुमाऊंतील मुक्तेश्वरला हलली. २०११ मध्ये बुळकांड्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर समूळ उच्चाटन झालेला हा दुसराच रोग. गुरांचा रोग गेला, माणसाचा राहिला.

हे दोन विषाणू एकमेकांपासून केव्हा फुटले? २०१० मध्ये जपानी संशोधकांनी जनुकीय फरकांवरून इ.स.च्या अकराव्या-बाराव्या शतकाचा काळ सुचवला. ही तारीख अडचणीची होती, कारण अल्-राझी या इराणी वैद्याने दहाव्या शतकातच देवी आणि गोवर हे वेगळे विकार म्हणून वर्णिले होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने चित्र बदलले. बर्लिनमध्ये १९१२ साली गोवरानंतरच्या न्यूमोनियाने दगावलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे फुफ्फुस फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवलेले होते. त्यातून विषाणूचा जनुकसंच मिळवून नवी गणना केली गेली आणि उत्तर आले इ.स.पू. सहावे शतक. त्रुटीची मर्यादा मोठी आहे : इ.स.पू. बारावे शतक ते इ.स.चे दुसरे शतक. तरी लेखी पुराव्याशी ही गणना अधिक जुळते, म्हणून येथे ती अधिक ग्राह्य मानली आहे. एक सावधगिरी मात्र हवी. विषाणू फुटून वेगळा झाला म्हणजे त्याच वेळी तो माणसात शिरला, असे सिद्ध होत नाही. ही तारीख सर्वांत आधीची सीमा समजावी; माणसात तो नंतरही शिरला असू शकतो.

लोकसंख्येचा मुद्दाही याच बाजूने बोलतो. गोवर एकदा होऊन गेला की बहुधा जन्मभर पुन्हा होत नाही. त्यामुळे नवी मुले सतत जन्मत राहतील अशी अडीच ते पाच लाखांची सलग वस्ती नसेल तर साखळी तुटते. अशी नगरे इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांतच उभी राहू लागली. याचा उलट दाखला डेन्मार्कच्या फेरो बेटांवरचा. तेथे १८४६ मध्ये गोवर शिरला तेव्हा ७,८०० च्या आसपासच्या वस्तीपैकी सुमारे ६,००० माणसे आजारी पडली. मात्र १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता ते म्हातारे ६५ वर्षांनंतरही सुटले. पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने केलेली ही नोंद आजही आधारभूत मानली जाते.

भारतीय वैद्यकात चरकसंहितेच्या शोथविषयक (सूजविषयक) अध्यायात रोमान्तिकेचे संक्षिप्त वर्णन आहे : अंगभर बारीक पुटकुळ्या, सोबत ताप, दाह, तहान, खाज व अरुची. माधवनिदानात (सर्वसाधारणपणे सातवे-आठवे शतक) वर्णन थोडके पण नेमके आहे : केसांच्या मुळाइतकी उंची, लाल रंग, सोबत खोकला व अन्नद्वेष, आणि आधी ताप. खोकला व आधी येणारा ताप ही जोडी गोवराकडे बोट दाखवते. तथापि पुरळाचे इतर ताप या नावाखाली आले नसतील असे म्हणता येत नाही. मसूरिका म्हणजे देवी, या समीकरणाइतके हे पक्के नाही.

प्रसार व मृत्यू : खोकल्या-शिंकांतून उडालेला विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. लस नसलेल्या समाजात एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. देवीचा हा आकडा याच्या निम्म्याहूनही कमी धरतात. पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत रुग्ण संसर्ग देत असतो. घरात कडुलिंबाचा पाला टांगणे, फोडणी बंद करणे, पाहुण्यांना उंबऱ्याबाहेर थांबवणे हे पाळणूक म्हणून सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यातले विलगीकरण तत्त्वतः योग्यच, पण ते पुरळ पाहून सुरू होते. तोवर शेजारच्या पोरांना द्यायचे ते देऊन झालेले असते. ‘गोवर आत जिरेल’ या धास्तीने अन्न तोडणे मात्र घातक.

मूल सहसा पुरळाने दगावत नाही. पुरळ मावळते, घरचे निश्चिंत होतात आणि त्यानंतर न्यूमोनिया किंवा जुलाब गाठतात. सुपोषित समाजात हजार रुग्णांमागे एक ते तीन मृत्यू होतात. कुपोषित मुलांत हेच प्रमाण शेकडा पाच ते दहापर्यंत चढते. अ जीवनसत्त्वाचा तुटवडा असेल तर बुबुळावर व्रण पडून दृष्टी जाते. म्हणून लागोपाठ दोन दिवस या जीवनसत्त्वाची मात्रा देतात : ६ ते ११ महिन्यांच्या बालकाला १ लाख, त्यावरील मुलाला २ लाख आंतरराष्ट्रीय एकके. गोवर आधी कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसतो. २०१९ च्या एका अभ्यासात मुलांच्या इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीसे झाल्याचे आढळले. लस व्यापक होण्यापूर्वी जगात दरवर्षी सुमारे २६ लाख मृत्यू होत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

लस : पहिली लस १९६३ मध्ये अमेरिकेत वापरात आली. भारतात ती १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणात, दुसरी मात्रा २०१० पासून. पुढे गोवर-रुबेला (एमआर) अशी जोडलस आली. महाराष्ट्रात तिची शाळाशाळांतून मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांत, उजव्या दंडात त्वचेखाली अर्धा मिलिलिटर. नवव्या महिन्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडे लसीला निकामी करू शकतात, आणि फार थांबावे तर रोग आधी पोहोचतो; नववा महिना ही तडजोड आहे. नऊ महिन्यांच्या मात्रेने सुमारे ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळते, म्हणून दुसरी अनिवार्य. साथ रोखायची तर ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळायला हव्यात.

लस कोरड्या भुकटीच्या रूपात असते. परिचारिका आईसपॅकच्या डब्यातून कुपी काढते, टोपणावरचा तापमानदर्शक चौकोन पाहते आणि सोबतच्या विशिष्ट द्रवात भुकटी कालवते. त्यानंतर चार तासांत उरलेली लस फेकावीच लागते. पाच किंवा दहा मात्रांची कुपी एका मुलासाठी फोडायला तिचा हात कचरतो आणि ‘पुढच्या सत्राला या’ असे सांगितले जाते. कालवण्यातली चूक किती महाग पडते ते सामोआ बेटांवर दिसले. २०१८ मध्ये तेथे द्रवाऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले व दोन अर्भके दगावली; लसीवरचा विश्वास उडाला आणि २०१९ च्या साथीत ८३ मृत्यू झाले, बहुतेक लहान मुलांचे.

नाशिक जिल्हा : ब्रिटिश काळातील मृत्युनोंदींत पटकी व देवी यांना स्वतंत्र रकाने असत, गोवराने गेलेली मुले बहुधा ‘ताप’ या रकान्यात विरघळली. अलीकडचा ठळक प्रसंग नोव्हेंबर २०२२ चा : मुंबईतील गोवंडी व ठाणे जिल्ह्यातील भिवंडी यांच्यासोबत मालेगावातही उद्रेक झाला. कोविडकाळात चुकलेल्या मात्रा आणि यंत्रमाग वस्तीतील एकाच खोलीत आठ-दहा माणसांची दाटी, ही त्यामागची सहज दिसणारी कारणे. या सुमारास केंद्राने उद्रेकग्रस्त भागांत ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना एक जादा मात्रा देण्याचा विचार करावा, असे राज्यांना कळवले. लहान अर्भकांत रुग्ण बरेच असतील तेथे सहाव्या महिन्यापासूनही मात्रा देण्याची मुभा होती.

पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांचे दुखणे निराळे आहे. भात निघाला की कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात आणि काढणी संपेतो, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, तिथेच राहतात. गोवराचा हंगामही हाच, थंडीचा शेवट ते उन्हाळ्याची सुरुवात. दिवाळीच्या आसपास नऊ महिन्यांचे होणारे मूल त्या वेळी बागेच्या बांधावर साडीच्या झोळीत असते. त्याचे नाव गावच्या अंगणवाडीच्या यादीत, कार्ड घरातल्या पत्र्याच्या पेटीत, आणि बाग ज्या उपकेंद्राच्या हद्दीत आहे तिथल्या आशाताईंच्या वहीत त्याची नोंद झालेली नसते.