पंपाची सवय लागते म्हणे!

नागपुरात थंडी पडली की दम्याच्या पोरांचा खोकला वाढतो आणि दम्याच्या पंपाबद्दल, म्हणजे इन्हेलरबद्दल, घरोघरी तोच सल्ला मिळतो: "पंप नको लावू, सवय लागते. सिरप दे."

खरं नेमकं उलटं आहे. रोजच्या प्रतिबंधक पंपात ब्युडेसोनाइडसारखं स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध, असतं, पण लहान मुलाला साधारणपणे दिवसाला 100 ते 200 मायक्रोग्रॅम, तेही थेट श्वासनळीत. जोराच्या झटक्यात 20 किलोच्या मुलाला पोटातून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावं लागलं, तर तो डोस 20 मिलिग्रॅम, म्हणजे 20,000 मायक्रोग्रॅम, आणि ते अख्ख्या अंगात फिरतं. आता सांगा, घाबरायचं कशाला?

पंपातल्या औषधाचं व्यसन लागत नाही. बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण श्वासनळीची सूज तिथेच असते. पंपाने उंची कमी राहते ही भीती मात्र अगदीच खोटी नाही. अनेक वर्षं पंप घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी एखादा सेंटिमीटर कमी भरल्याचं दिसलं आहे. पण हाताबाहेर गेलेला दमाही वाढ खुंटवतो, म्हणून डॉक्टर कमीत कमी पुरेसा डोस ठरवतात.

चुका होतात त्या वापरात. पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच द्या, चिमुकल्यांना मास्कसह. नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात बुरशी होते. झटक्यात लगेच आराम देणारा पंप वेगळा असतो, दोन्हींची अदलाबदल करू नका. मूल खेळायला लागलं म्हणून रोजचा पंप मनानेच थांबवू नका.

आणि हो, धुळीनेही दमा उसळतो, म्हणून उन्हाळ्यात कूलर बाहेर काढताना त्याच्या धुळकट जुन्या ताट्या आधी बदला.