‘गणहत्या’ कुणाची? १९७१ची बातमी आणि एक अडलेला शब्द

कत्तल एकच आणि बातम्या देशागणिक वेगळ्या, हे १९७१ मध्ये सुरू झाले नाही. १८७६ साली तुर्कांनी बल्गेरियात केलेल्या कत्तलींचे वृत्तांत लंडनच्या एका दैनिकात आले, तेव्हा ब्रिटिश पंतप्रधानांनी ती कॉफीहाउसातली बडबड म्हणून उडवून लावली होती. तुर्कस्तानशी सलोखा राखायचा होता, एवढेच कारण.

२५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या (आजच्या बांगलादेशाच्या) राजधानीत, कत्तल सुरू केली; ते नव्याने सांगायला नको. परदेशी वार्ताहरांना हॉटेलात कोंडून नंतर देशाबाहेर काढले गेले. एक तरुण ब्रिटिश वार्ताहर मात्र लपून राहिला आणि ३० मार्चला त्याचा वृत्तांत लंडनमध्ये छापून आला. कराची-लाहोरची वर्तमानपत्रे सेन्सॉरखाली होती. त्यांच्या लेखी परिस्थिती पूर्वपदावर येत होती आणि मरत होते ते ‘शरपसंद’, म्हणजे उपद्रवी. एप्रिलमध्ये लष्कराने आठ पाकिस्तानी पत्रकारांना पूर्वेकडे फिरवून आणले. सात जणांनी सांगितले तसे लिहिले. आठवा घराण्याने गोव्याचा, जन्माने बेळगावचा, नोकरीला कराचीच्या इंग्रजी दैनिकात. त्याने आधी बायकामुलांना देशाबाहेर धाडले, मग स्वतः अफगाणिस्तानमार्गे निसटला. १३ जूनला लंडनच्या एका रविवारच्या पत्राने त्याचा लेख एकाच शब्दाच्या मथळ्याखाली छापला: ‘जेनोसाइड’.

घोळ आहे तो या शब्दाचा. १९४८च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट, गट म्हणूनच, पूर्णतः वा अंशतः संपवण्याचा हेतू असेल तर तो जेनोसाइड. राजकीय गट या व्याख्येत नाहीत. म्हणजे माणसे बंगाली म्हणून मारली, हिंदू म्हणून मारली, की १९७०ची निवडणूक जिंकलेल्या अवामी लीग पक्षाची म्हणून, यावर सगळे अवलंबून. लंडनच्या लेखात हिंदूंना वेचून मारल्याचे स्पष्ट लिहिले होते. आपल्याकडे ३१ मार्चलाच संसदेने ठरावात ‘जेनोसाइड’ म्हटले. पण सीमेपलीकडून आलेल्या जवळपास एक कोटी निर्वासितांत बहुसंख्य हिंदू होते, हे सरकारने पुढे येऊ दिले नाही. देशात दंगली उसळतील आणि विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती होती. बहुतेक भारतीय पत्रांनीही ‘बंगाली निर्वासित’ एवढ्यावरच भागवले. भीती खोटी नव्हती. तरी जो देश हा शब्द सगळ्यात मोठ्याने उच्चारत होता, त्यानेच त्याचा सर्वांत भक्कम पुरावा झाकून ठेवला. पाकिस्तानच्या ऑगस्टमधल्या श्वेतपत्रिकेत बंगाल्यांकडून मारल्या गेलेल्या बिहारींची, म्हणजे फाळणीनंतर तिथे गेलेल्या उर्दूभाषक मुसलमानांची, मोजदाद होती. तिचा वापर लष्कराच्या बचावासाठी झाला हे खरे, पण बिहारी मारले गेले होते हेही खरे, आणि आपल्या पत्रांत त्यांना जागा जेमतेम मिळाली.

भाषेनेही गुंता वाढवला. बंगालीत ‘गणहत्या’ हा शब्द सामूहिक कत्तलीलाही चालतो आणि जेनोसाइडलाही. मराठीत ‘वंशसंहार’ नेमका आहे, पण मथळ्यात येतो तो ‘नरसंहार’, आणि त्यात हेतूचा प्रश्नच उरत नाही.

न्यायालयात या शब्दाचा कस लागायचा होता तो बांगलादेश चालवू पाहत असलेल्या, भारताच्या ताब्यातल्या १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवरच्या खटल्यात. १९७३ मध्ये पाकिस्तान त्याविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, मग दावा मागे घेतला, आणि १९७४च्या भारत-पाकिस्तान-बांगलादेश करारानंतर हे कैदी घरी परतले. उरला मृतांच्या आकड्यांचा वाद: बांगलादेशाचा अधिकृत आकडा ३० लाख, पाकिस्तानच्या चौकशी आयोगापुढे लष्कराने ठेवलेला सुमारे २६ हजार. २०१४ मध्ये ३० लाखांवर शंका घेणाऱ्या एका ब्रिटिश पत्रकाराला ढाक्यात न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा झाली. २०१७ मध्ये तिथल्या संसदेने २५ मार्च हा ‘गणहत्या दिवस’ ठरवला. पाकिस्तानी पत्रांत दर १६ डिसेंबरला येतो तो ‘सुकूत-ए-ढाका’, ढाक्याचा पाडाव. आपल्याकडे त्याच तारखेला विजय दिवस.

२०२४च्या विद्यार्थी आंदोलनातल्या मृत्यूंना ढाक्यातली पत्रे ‘जुलै गणहत्या’ म्हणतात. तिथे मरणारे आणि मारणारे दोघेही बंगाली होते.