असेंबल्ड संगणक : कमी खर्चात सुट्या भागांची निवड

प्रोसेसर, मदरबोर्ड (सगळे भाग ज्याला जोडले जातात तो मुख्य बोर्ड), रॅम, एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान डिस्क), एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) आणि कॅबिनेट हे भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे घेऊन जोडलेल्या डेस्कटॉपला असेंबल्ड संगणक म्हणतात. आयबीएमने १९८१ साली आणलेल्या पीसीची रचना खुली असल्यामुळे इतर कंपन्यांना त्याचे भाग बनवता आले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे आकार व जोडणीचे प्रमाण मांडले आणि बोर्ड, कॅबिनेट व एसएमपीएस एकमेकांत बसतील याची सोय झाली. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळूरूत एस. पी. रोड आणि चेन्नईत रिची स्ट्रीट या बाजारांत हे भाग मिळतात. आता ते ऑनलाइनही घेतले जातात.

बजेट कमी असले की सगळेच भाग मनासारखे घेता येत नाहीत. अशा वेळी कोणता भाग पुढे सहज बदलता येईल, हे आधी पाहावे. रॅम वाढवता येते, दुसरी एसएसडी लावता येते, ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा वेगळा भाग) वर्षभराने घेतले तरी चालते. प्रोसेसर-मदरबोर्डची जोडी आणि एसएमपीएस यांवर मात्र पुढची सगळी वाढ अवलंबून असते. काटकसर करायची ती या दोन गोष्टी सोडून.

प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो, त्यावरून बोर्ड ठरतो आणि बोर्डावरून रॅम. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ पासूनचे रायझन प्रोसेसर चालतात आणि त्यासाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर आले. त्याला डीडीआर४ रॅम लागते (डीडीआर३, ४, ५ या रॅमच्या पिढ्या). २०२२ चे एएम५ फक्त डीडीआर५ घेते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४ चे, तर काही डीडीआर५ चे आहेत. दोन्ही प्रकारच्या रॅमला पिना २८८ च असतात, पण खाच वेगळ्या जागी असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही. बोर्ड जुना आणि प्रोसेसर त्याच्यानंतरचा असेल, तर सॉकेट जुळूनही संगणक कधी कधी सुरू होत नाही, कारण बायोस (संगणक सुरू करणारी, बोर्डावरची प्रणाली) जुना असतो. एएम४ साठीचे बी४५० चिपसेटचे बोर्ड २०१८ चे आणि रायझन ५ ५६००जी २०२१ चा. अशी जोडी घेताना दुकानदाराकडून बायोस अपडेट करून घ्यावा.

नवख्या ग्राहकाची सर्वांत जास्त फसगत इंटेलच्या ‘आय५’ या प्रोसेसरच्या नावाने होते. ‘आय५, ८ जीबी, २५६ एसएसडी’ असा स्वस्त तयार संच पुष्कळदा २०११-१२ च्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतल्या वापरलेल्या प्रोसेसरवर उभा असतो. त्याला अनोळखी कंपनीचा, त्याच जुन्या पिढीसाठीचा एच६१ बोर्ड आणि डीडीआर३ रॅम जोडलेली असते. २०२२ चा चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा गाभा) आय३-१२१०० त्या जुन्या आय५ च्या कितीतरी पुढे आहे. शिवाय इतके जुने प्रोसेसर विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरच्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा संगणकावर लिनक्स चांगले चालते. पण विद्यार्थ्याला नवा म्हणून तो विकणे ही फसवणूकच आहे. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून मागावा.

अभ्यास, ऑफिसचे काम, कोडिंग आणि हलके खेळ एवढ्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. सहा कोअरच्या ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असते. इंटेलच्या ज्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असतो त्यात ते नसते; तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेतला, तर कार्डाशिवाय पडद्यावर काही दिसणार नाही. आतले ग्राफिक्स रॅममधूनच जागा आणि वेग घेते. त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन लावल्यास खेळांमध्ये फरक स्पष्ट जाणवतो. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले. एवढ्या भावात दोन पट्ट्या परवडत नसतील तर तूर्त एक घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवावा. जुने ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्याने ते क्रिप्टो मायनिंगमध्ये राबलेले नाही ना, याची विचारपूस करावी आणि समोर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विंडोज किंवा लिनक्स एसएसडीवरच टाकावे. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई या नव्या जोडणीची त्याच्या कित्येक पट. रोजच्या वापरात दोन्ही हार्ड डिस्कपेक्षा खूपच चपळ वाटतात.

एसएमपीएसकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि घात तोच करतो. स्वस्त कॅबिनेटसोबत ‘४५० वॅट’ असे लेबल लावलेला हलका एसएमपीएस येतो. त्यात जादा व्होल्टेज किंवा शॉर्ट सर्किटपासून बचावाची व्यवस्था अपुरी असू शकते. असा एसएमपीएस जळताना बोर्डालाही घेऊन जातो. ग्राफिक्स कार्ड नसलेला ५६००जी चा संगणक बहुतेक वेळ दीडशे वॅटच्या आतच राहतो, म्हणून मोठ्या आकड्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा प्रामाणिक ४५०-५५० वॅट घ्यावा. ‘८० प्लस’ हे वीज कमी वाया जाते याचे प्रमाणपत्र आहे, सुरक्षिततेचे नव्हे. तरी ते खरे असेल तर निवड सोपी होते.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखा झटका बसत असेल, तर घरातल्या सॉकेटला अर्थिंग नसण्याची शक्यता मोठी. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर कॅबिनेटशी जोडलेले असतात, आणि अर्थिंग नसले की तो सूक्ष्म प्रवाह माणसातून जमिनीत जातो. संगणक बदलून हे जात नाही, वायरमनला बोलवावे. विजेचा लपंडाव असलेल्या गावात ६०० व्हीएचा यूपीएस हा चैनीचा भाग नाही. त्याची क्षमता साधारण ३६० वॅट असते, ती मॉनिटरसह साध्या संगणकाला पुरते. लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नये.

वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते, प्रोसेसरची सहसा तीन वर्षे. जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर सीरियल नंबर असतील तरच ती निर्धास्तपणे मागता येते. कच्च्या बिलावर वाचलेले पैसे पहिल्याच बिघाडात जातात.

जोडणी करताना बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर व एक रॅम एवढ्यावर आधी चालू करून पाहावा. सगळे कॅबिनेटमध्ये घट्ट बसवल्यावर दोष शोधणे फार त्रासाचे होते. कॅबिनेटमध्ये बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्डाला कॅबिनेटच्या पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब) बोर्डाच्या भोकांखालीच हवेत, नाहीतर शॉर्ट होते. संगणक सुरू झाला की बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) लावावे. ते न लावल्यास ३२०० वेगाची रॅम बहुतेकदा २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते. पुढे ग्राफिक्स कार्ड घेतले की मॉनिटरची केबल बोर्डावरून काढून कार्डाच्या पोर्टात लावावी लागते.