पूर्वाभाद्रपदेतला तरणा तारा आणि त्याचे चार ग्रह

ऑक्टोबरच्या मध्यात रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास डोक्यावर पाहिलं, तर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. त्याच्या पश्चिम बाजूचे दोन तारे म्हणजे आपलं पूर्वाभाद्रपदा नक्षत्र आणि पूर्वेकडचे दोन म्हणजे उत्तराभाद्रपदा. पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ मनातल्या मनात ओढा. तिच्या मध्याजवळ, किंचित चौकोनाच्या आतल्या अंगाला, सहाव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाची पायरी; आकडा मोठा तितका तारा मंद) एक तारा आहे. शहरातून तो दिसायचा नाही. खऱ्या अंधाऱ्या आकाशात तीक्ष्ण नजरेला जेमतेम जाणवेल, साध्या द्विनेत्रीतून मात्र सहज सापडेल. नागपूरकरांच्या तर तो जवळजवळ थेट डोक्यावरून जातो. त्याचं यादीतलं नाव एचआर ८७९९.

आपल्यापासून १३३ प्रकाशवर्षांवर असलेल्या या ताऱ्याभोवती चार महाकाय ग्रह फिरतात आणि त्या चारही ग्रहांची छायाचित्रं आपल्याकडे आहेत. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याभोवतीचे हजारो ग्रह आज माहीत आहेत, पण बहुतेकांचं अस्तित्व आपण आडवळणाने ओळखलं आहे: ताऱ्याचा प्रकाश ठरावीक काळाने किंचित घटतो किंवा तारा किंचित डुलतो, त्यावरून. इथे तसं नाही. इथे ग्रहांकडून निघालेला प्रकाश थेट दुर्बिणीत पकडला आहे.

हा तारा रूपविकारी आहे. त्या नात्याने त्याला व्ही३४२ पेगासी असंही म्हणतात. त्याचं तेज प्रतीच्या काही शतांशांनी कमीजास्त होतं आणि या बदलातलं सर्वांत ठळक आवर्तन सुमारे अर्ध्या दिवसाचं आहे. गामा डोराडस नावाच्या ताऱ्यांच्या वर्गात तो मोडतो. या ताऱ्यांच्या वरच्या थरात वायू उकळत्या पाण्यासारखा खालीवर होत असतो. आतून येणारी उष्णता या थराच्या तळाशी अडते, सुटते, पुन्हा अडते. त्यातून आतल्या भागात लाटा उठतात आणि पृष्ठभाग कुठे जरा तापतो, कुठे जरा निवतो. डोळ्यांना न कळणारी ही थरथर पुढे मोठ्या वादाला कारण ठरली.

१३ नोव्हेंबर २००८ रोजी खगोलशास्त्रज्ञ क्रिस्तियाँ मारोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईतल्या जेमिनी आणि केक दुर्बिणींतून टिपलेले तीन ग्रह जाहीर केले. त्याच दिवशी फोमलहॉट ताऱ्याजवळचा एक ठिपकाही हबल दुर्बिणीच्या चित्रांवरून ग्रह म्हणून जाहीर झाला. तो ठिपका पुढे विरत गेला आणि तो धुळीचा पसरत चाललेला ढग असावा, हे २०२० साली पुढे आलं. एचआर ८७९९ चे ग्रह मात्र वर्षानुवर्षं आपापल्या कक्षेत सरकताना दिसत राहिले. २०१० मध्ये त्यांत चौथ्याची भर पडली. बाहेरून आत बी, सी, डी आणि ई अशी त्यांची नावं. ताऱ्यापासूनची त्यांची अंतरं पृथ्वी आणि सूर्य यांच्यातल्या अंतराच्या अनुक्रमे सुमारे ७१, ४१, २७ आणि १६ पट आहेत. ई ला एका फेरीला पन्नासेक वर्षं लागतात, तर बी ला साडेचारशेच्या आसपास.

ताऱ्याच्या झगमगाटात हे ग्रह सापडले कसे? अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशातही ते ताऱ्यापेक्षा दहा हजार ते लाख पटींनी मंद आहेत. शिवाय दुर्बिणीच्या आरशांतल्या बारीक दोषांमुळे ताऱ्याभोवती प्रकाशाचे असंख्य खोटे ठिपके उमटतात आणि ते हुबेहूब ग्रहासारखे दिसतात. यावर मारोआंनी वापरलेली युक्ती फार देखणी आहे. तारा आकाशात सरकत असताना मोठ्या दुर्बिणीला दिसणारं दृश्य हळूहळू गोल फिरतं. एरवी एक यंत्रणा हे फिरणं रद्द करून चित्र स्थिर ठेवते. मारोआंच्या पद्धतीत ती मुद्दाम बंद ठेवतात. मग दुर्बिणीच्या दोषातून आलेले ठिपके प्रत्येक चित्रात जागच्या जागी राहतात, कारण ते दुर्बिणीचेच असतात. खरा ग्रह मात्र चित्रागणिक ताऱ्याभोवती थोडा फिरलेला असतो. सगळ्या चित्रांत समान असलेलं जे काही आहे ते वजा करायचं, उरलेली चित्रं उलट फिरवून एकावर एक ठेवायची, की ग्रह वर येतो.

मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती १९९८ च्या एका चित्राची गोष्ट. हबलने त्या वर्षी या ताऱ्याचं अवरक्त चित्र घेतलं होतं. त्यात काही विशेष दिसलं नाही आणि ते संग्रहात जाऊन पडलं. २००९ मध्ये दाव्हिद लाफ्रेनियेर यांनी नव्या गणिती पद्धतीने तेच चित्र पुन्हा तपासलं, तर त्यात बी ग्रह होता. २०११ मध्ये रेमी सुमेर यांच्या गटाने आणखी खोल शोध घेतला आणि सी व डी हेही त्याच चित्रातून बाहेर काढले. दहा वर्षांहून अधिक काळ ते ग्रह तिथेच होते. कक्षा ठरवायला जुनी नोंद अनमोल असते, त्यामुळे या सापडण्याचा फायदा केवळ भावनिक नव्हता.

आता खरा प्रश्न. हे चार ठिपके ग्रह आहेत हे कशावरून? चित्रातून तेज कळतं, वजन कळत नाही. ग्रह जन्मतो तेव्हा तप्त असतो आणि पुढे केवळ निवत जातो. चुलीवरून उतरवलेला तवा मुळात किती तापला होता हे सांगायचं, तर तो उतरवून किती वेळ झाला हे आधी माहीत हवं. तसंच इथे. हे चारही सोबती आज साधारण ९०० ते १२०० केल्विन तापमानाचे आहेत. तारा तरुण असेल, तर इतकी ऊब गुरूच्या पाच-दहा पट वस्तुमानाच्या ग्रहातही उरलेली असेल. तारा प्रौढ असेल, तर इतका काळ तापलेलं राहायला मुळात बरंच जास्त वस्तुमान हवं. आणि गुरूच्या सुमारे १३ पटींची मर्यादा ओलांडली, की आपण ग्रहाबद्दल नाही, तपकिरी खुज्या ताऱ्याबद्दल, म्हणजे ग्रहाहून जड पण खरा तारा होण्याइतकं वस्तुमान नसलेल्या गोळ्याबद्दल, बोलत असतो. सगळं घोडं ताऱ्याच्या वयापाशी अडतं.

बहुतेक पुरावे वय तीन ते सहा कोटी वर्षं सांगत होते. म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर जन्मलेला हा तारा. आपला सूर्य सुमारे साडेचारशे कोटी वर्षांचा आहे. पण २०१० मध्ये एका गटाने ताऱ्याच्या स्पंदनांवरूनच त्याच्या अंतरंगाचा हिशोब मांडला आणि काही गृहीतकं धरली तर वय शंभर कोटी वर्षांच्याही पुढे जातं, असं दाखवलं. तसं असतं तर चारही ग्रह बाद झाले असते.

याला जोरदार उत्तर गुरुत्वाकर्षणाने दिलं. चार जड गोळे इतके जवळजवळ फिरत असतील, तर ते एकमेकांना ओढून कक्षांचा विस्कोट करतात. संगणकावर गणित मांडलं, तेव्हा ही व्यवस्था टिकण्याची वाट फार अरुंद निघाली: ई च्या आठ फेऱ्यांत डी च्या चार, सी च्या दोन आणि बी ची एक, असा फेऱ्यांचा ठेका जुळलेला हवा, म्हणजे ग्रह एकमेकांच्या धोक्याच्या जागी येत नाहीत. आणि तेवढ्यावरही सोबती फार जड असून चालत नाही. तपकिरी खुजे तारे या जागी ठेवले, तर सगळं फार लवकर उधळतं. तारा आज चौघांसह समोर आहे, त्या अर्थी ते हलके आहेत.

२०२१ मध्ये तर थेट वजनच हाती आलं. हिप्पार्कोस आणि गाया या दोन उपग्रहांनी सुमारे पाव शतकाच्या अंतराने मोजलेल्या ताऱ्याच्या जागा ताडून पाहिल्या, तेव्हा ताऱ्याच्या चालीत किंचित वळण दिसलं. ही ओढ मुख्यतः सर्वांत आतल्या ई ची. तिच्यावरून ई चं वस्तुमान गुरूच्या सुमारे साडेनऊ पट निघालं. या मोजणीत वयाचा काहीच संबंध नव्हता. उलट त्या वस्तुमानावरून आणि ग्रहाच्या तेजावरून वय काढलं, तर ते चार कोटी वर्षांच्या आसपास आलं. वाद तिथे माझ्या मते मिटला.

त्यानंतरचं काम ग्रहांच्या अंगप्रत्यंगाचं आहे. सी च्या वातावरणात पाण्याची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड २०१३ मध्येच ओळखले गेले होते. चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणणाऱ्या ग्रॅव्हिटी उपकरणाने २०१९ मध्ये ई चा वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेला प्रकाश, घेतला आणि तिथे लोह व सिलिकेटच्या ढगांच्या खुणा दिसल्या. मार्च २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांनी या ग्रहांवर कार्बन डायऑक्साइड असल्याचं दाखवलं. त्याच्या प्रमाणावरून जड मूलद्रव्यं या ग्रहांत बरीच आहेत. आधी खडक-बर्फाचा गाभा जमला आणि मग त्याने वायू ओढून घेतला, म्हणजे आपला गुरू जसा घडला असं मानतात, त्या मार्गाकडे हे बोट दाखवतं. बी इतक्या दूरवर, जिथे द्रव्य विरळ असतं आणि सगळं सावकाश चालतं, तिथे गाभा वेळेत कसा जमला, हे मात्र अजून नीट उलगडलेलं नाही.

ई च्या आतल्या बाजूला धुळीचा एक उबदार पट्टा आहे, बी च्या बाहेर एक थंड पट्टा. आपल्या लघुग्रहांच्या आणि नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यांच्या जोडीचीच ही मांडणी. ई आणि ताऱ्यामधल्या जागेत पाचवा ग्रह असू शकतो. तिथे शोध घेऊन झाला आहे, पण ताऱ्याच्या इतक्या निकट लहानसा ग्रह लपून राहील, एवढी झळाळी अजून उरते.